राउटरमागून इंटरनेट फोन: एकतर्फी आवाज, न वाजणारी रिंग आणि कट होणारे कॉल टाळून सेटअप कसा करायचा

इंटरनेटवरून चालणारा फोन घेतला, युजरनेम-पासवर्ड टाकला, स्क्रीनवर 'रजिस्टर्ड' असं पण आलं, आणि कॉल लावला तर तुमचा आवाज समोर जातोय पण त्याचा तुम्हाला येत नाहीये. किंवा बाहेर लावलेले कॉल एकदम मस्त, पण येणारा कॉल थोड्या वेळाने वाजायचाच बंद होतो. किंवा प्रत्येक कॉल अर्ध्या मिनिटात कट. या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटतात पण बहुतेक वेळा मूळ एकच असतं, ते म्हणजे तुमच्या फोनच्या आणि इंटरनेटच्या मध्ये बसलेला राउटर.

मी घरी आणि छोट्या ऑफिसांमध्ये हे फोन लावत आलोय, आणि नवीन माणूस बहुतेक वेळा पहिलं काम काय करतो तर राउटरमध्ये जाऊन ५०६० पोर्ट फॉरवर्ड करतो (म्हणजे त्या नंबरचं दार बाहेरच्यांसाठी उघडून थेट फोनकडे वळवतो), कारण कुणीतरी तसं सांगितलेलं असतं. ते पहिलं काम नाहीये. घरच्या एक-दोन फोनसाठी तर ते करायचंच नसतं. खाली दिलेल्या क्रमाने गेलात तर पोर्ट उघडायची वेळ सहसा येणारच नाही.

सुरू करण्याआधी हाताशी काय काय हवं

- प्रोव्हायडरकडून, म्हणजे फोनची सेवा देणाऱ्या कंपनीकडून, आलेली माहिती: एसआयपी (कॉल जुळवणारी पद्धत, खाली सांगितलीय) सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड, ऑथेंटिकेशन आयडी वेगळा असेल तर तो, आउटबाउंड प्रॉक्सी असेल तर ती, आणि निरोप पाठवायच्या यूडीपी, टीसीपी, टीएलएस या पद्धतींतलं काय चालतं ते
- राउटरच्या ॲडमिन पेजचा पासवर्ड (वायफायचा नाही, तो वेगळा)
- फोन: कॉम्प्युटर किंवा मोबाइलवरचा सॉफ्टफोन (फोनचं काम करणारं ॲप), नाहीतर टेबलावरचा आयपी फोन, नाहीतर जुना साधा फोन जोडायचा एटीए डबा
- एक लॅन केबल, निदान टेस्टिंगपुरती तरी
- दुसरा एक मोबाइल, ज्याचं वायफाय बंद केलेलं असेल
- कॉम्प्युटरवर वायरशार्क, नेटवर्कवरून काय जातंय-येतंय ते दाखवणारा प्रोग्राम, फुकट आहे, लागेलच असं नाही पण अडकलात तर त्याच्याशिवाय पर्याय नाही

एटीए घेत असाल तर एक बघून घ्या. त्यावर एफएक्सएस लिहिलेल्या पोर्टला तुमचा साधा फोन लागतो, आणि एफएक्सओ असेल तर तिथे टेलिफोन कंपनीची लाइन लागते. दोन्हींची पिन सारखीच दिसते त्यामुळे लोक उलटं जोडतात आणि मग डायल टोन का येत नाही म्हणून शोधत बसतात.

१. एका कॉलमध्ये दोन वाटा असतात, हे आधी डोक्यात बसवा

ही पायरी वाचायचीच आहे, काही करायचं नाहीये, पण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

एसआयपी फक्त निरोप पोचवतं: कोण कुणाला फोन करतंय, उचलला का, ठेवला का. हे साधारण ५०६० पोर्टवर चालतं, एन्क्रिप्ट केलेलं टीएलएस असेल तर ५०६१ वर. प्रत्यक्ष आवाज मात्र आरटीपी नावाच्या वेगळ्या वाटेने जातो, वेगळ्या पोर्टवर, आणि ते पोर्ट प्रत्येक कॉलला नवीन ठरतात. कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या पोर्टवर आवाज पाठवायचा हे एसआयपीच्या निरोपाच्या आत लिहिलेलं असतं.

आता गडबड इथे आहे. तुमच्या फोनला राउटरने दिलेला पत्ता असतो १९२.१६८.१.२३ असला काहीतरी. हा पत्ता फक्त तुमच्या घरात चालतो, बाहेरच्या जगात त्याला काही अर्थ नाही. राउटर बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचा पत्ता बदलून स्वतःचा पब्लिक पत्ता लावतो, यालाच नॅट म्हणतात. पण तो बदल वरच्या वर होतो, म्हणजे पाकिटावरचा पत्ता बदलला आणि आतल्या पत्रात 'उत्तर १९२.१६८.१.२३ ला पाठवा' असंच राहिलं. समोरचा सर्व्हर आतलं वाचून त्या पत्त्यावर आवाज पाठवायला गेला की तो आवाज कुठेच पोचत नाही. तुमचा आवाज जातो, त्याचा येत नाही. एकतर्फी आवाज म्हणतात तो हाच.

यावर उपाय तीन ठिकाणी होऊ शकतो: राउटरमध्ये, फोनमध्ये, किंवा सर्व्हरवर. आणि हा पत्ता एकाच ठिकाणी दुरुस्त व्हायला हवा. दोन-तीन जण एकदम दुरुस्त करायला गेले की एकाने बरोबर केलेलं दुसरा बिघडवतो. एका सेटिंगने चालू झालेला फोन दुसऱ्या सेटिंगने बंद पडतो आणि माणूस चक्रावून जातो, ते यामुळेच.

आजकाल बहुतेक प्रोव्हायडर हे काम स्वतःच्या सर्व्हरवर करतात. आत काय लिहिलंय ते बाजूला ठेवून, पॅकेट प्रत्यक्षात जिथून आलं तिथेच आवाज परत पाठवतात. म्हणून आपलं धोरण सोपं आहे, सर्व्हरला त्याचं काम करू द्यायचं आणि मधल्या सगळ्यांना गप्प बसवायचं.

२. राउटर एक आहे का दोन, ते तपासा

राउटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी असं काहीतरी लिहिलेलं असतं, तो कागदावर लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधून जो पत्ता दिसतो तो बघा. दोन्ही सारखे असतील तर छान, पुढच्या पायरीवर जा.

सारखे नसतील तर वॅन आयपीची सुरुवात बघा:

- १९२.१६८ ने, '१०.' ने (टिंबासकट, १०३ वगैरे नाही), किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधल्या कशाने सुरू होत असेल तर तुमच्या राउटरच्या वर अजून एक राउटर आहे. बऱ्याचदा इंटरनेट कंपनीने दिलेला मोडेमच राउटरचं पण काम करत असतो आणि त्याच्या मागे तुम्ही स्वतःचा लावलेला असतो.
- १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर इंटरनेट कंपनीच एका पब्लिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतेय, याला सीजी-नॅट म्हणतात.

पहिल्या प्रकारात कंपनीच्या मोडेमला ब्रिज मोडवर टाका, म्हणजे पत्ता बदलायचं काम एकच डबा करेल. ते जमत नसेल तर उलटं करा, तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. दुसऱ्या प्रकारात तुमच्या हातात फारसं नाही, पण घाबरू नका, फोन आतून बाहेर जोडला जात असल्यामुळे सीजी-नॅटमागूनही कॉल नीट चालतात. फक्त तिथे पोर्ट फॉरवर्ड करून काहीही होणार नाही, कारण ज्या डब्यावर फॉरवर्ड करायला हवं तो तुमचा नाहीच.

३. एसआयपी एएलजी बंद करा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

एएलजी म्हणजे राउटरमधली अशी सोय जी एसआयपीचे निरोप उघडून आतला पत्ता बदलते. कल्पना चांगली होती, पण बऱ्याच राउटरमध्ये ती अर्धवट लिहिलेली आहे: एका ओळीत पत्ता बदलते, दुसऱ्या ओळीत विसरते, कधी पोर्ट चुकवते. वर सर्व्हर पण तेच काम करत असतो. आणि अनेक राउटरमध्ये ही सोय आधीपासून चालूच येते.

कुठे सापडेल: ॲडव्हान्स्ड, नॅट, फायरवॉल किंवा सिक्युरिटी यातल्या कुठल्यातरी मेनूत. नाव पण प्रत्येकाचं वेगळं, 'एसआयपी एएलजी', 'एसआयपी हेल्पर', कुठे 'एसआयपी पासथ्रू'. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये आयपी, मग फायरवॉल, मग सर्व्हिस पोर्ट्स, तिथे एसआयपीची ओळ बंद करायची. वर दोन राउटर निघाले असतील आणि ते तसेच ठेवावे लागत असतील तर दोन्हींमध्ये बंद करा.

बंद केल्यावर राउटर रीस्टार्ट करा आणि नंतर फोन पण. नुसतं सेव्ह करून टेस्ट करू नका, राउटरच्या मेमरीत जुन्या कनेक्शनची नोंद तशीच असते आणि फोन त्याच नोंदीवरून बोलत राहतो, मग तुम्हाला वाटतं की काही फरकच पडला नाही.

तो पर्यायच सापडत नसेल तर? बऱ्याच राउटरचं एएलजी फक्त ५०६० वर कान लावून बसलेलं असतं. प्रोव्हायडरचा सर्व्हर दुसऱ्या एखाद्या पोर्टवर पण चालत असेल तर तो वापरा. त्याहून चांगलं म्हणजे टीएलएस, निरोप एन्क्रिप्ट झाल्यावर राउटरला आतलं वाचताच येत नाही, मग बदलणार काय.

४. फोनमध्ये अकाउंट टाका

सर्व्हर, युजरनेम, पासवर्ड, झालं. दोन-तीन गोष्टी सांगतो ज्यात वेळ जातो:

- सर्व्हरच्या जागी डोमेनचं नाव दिलं असेल तर नावच टाका, त्याचा आयपी शोधून तो टाकू नका. प्रोव्हायडरने सर्व्हर बदलला की फोन बंद पडेल.
- ४०१ हा कोड लॉगमध्ये दिसला तर तो बिघाड नाही, सर्व्हर पासवर्ड मागतोय एवढंच. त्याच्यानंतर २०० आला पाहिजे. ४०३ आला तर बहुतेक युजरनेम, पासवर्ड किंवा ऑथेंटिकेशन आयडीत घोळ आहे, ४०८ म्हणजे उत्तरच आलं नाही.
- डीटीएमएफ, म्हणजे 'मराठीसाठी एक दाबा' वाली बटणं, आरएफसी २८३३ किंवा ४७३३ वर ठेवा. आवाजातूनच पाठवायचा इनबँड प्रकार कॉम्प्रेस करणाऱ्या कोडेकमध्ये नीट ओळखला जात नाही आणि समोरचं मशीन ऐकतच नाही.
- कोडेकमध्ये, म्हणजे आवाज डेटात बदलायच्या पद्धतींमध्ये, दोन-तीनच ठेवा. जी.७११ जवळपास सगळीकडे चालतो. ओपस मिळत असेल तर कमी बँडविड्थमध्ये जास्त छान आवाज येतो. ४८८ कोड आला तर बहुधा दोन्ही बाजूंना समान कोडेक सापडलेला नाही.

५. राउटरला जागं ठेवा

येणारे कॉल थोड्या वेळाने वाजायचे बंद होतात त्याचं कारण इथे आहे. फोनने सर्व्हरला पॅकेट पाठवलं की राउटर नोंद करतो, 'या सर्व्हरकडून उत्तर आलं तर आत १९२.१६८.१.२३ ला द्यायचं'. पण ती नोंद कायमची नसते. बऱ्याच घरगुती राउटरच्या आत लिनक्स असतं, तिथे यूडीपीची नोंद मुळात ३० सेकंद टिकते, दोन्हीकडून बोलणं चालू असेल तर दोनेक मिनिटं. आणि फोन मात्र सर्व्हरला तासाने एकदा तोंड दाखवतो, कारण रजिस्ट्रेशनची मुदत अनेक फोनमध्ये ३६०० सेकंद ठेवलेली असते. म्हणजे मधला जवळपास तासभर स्क्रीनवर 'रजिस्टर्ड' दिसतंय, सर्व्हर पण कॉल पाठवतोय, आणि राउटर दारातच तो टाकून देतोय कारण त्याच्याकडे नोंदच नाही.

उपाय: फोनच्या अकाउंट सेटिंगमध्ये 'नॅट कीप-अलाइव्ह' चालू करा आणि २० ते २५ सेकंद ठेवा. मग फोन दर तेवढ्या वेळाने एक पॅकेट पाठवून नोंद जागी ठेवतो. हे पॅकेट अगदी छोटं असतं, त्याने डेटा संपत नाही. कीप-अलाइव्हचा पर्यायच नसेल तर रजिस्ट्रेशनची मुदत ६० ते १२० सेकंद करा, प्रोव्हायडर तेवढं चालवून घेत असेल तर. 'आरपोर्ट' नावाचा पर्याय दिसला तर तो चालू ठेवा, त्याने सर्व्हरला कळतं की उत्तर पॅकेट जिथून आलं त्याच पोर्टवर द्यायचं.

मोबाइलवरच्या सॉफ्टफोनला हे पुरत नाही, कारण मोबाइल बॅटरी वाचवायला ॲपलाच झोपवतो. तिथे पुश नोटिफिकेशन देणारं ॲप घ्या, नाहीतर निदान त्या ॲपला बॅटरी सेव्हिंगमधून वगळा.

आणि स्टन? स्टन सर्व्हर फोनला त्याचा बाहेरचा पत्ता सांगतो, मग फोन निरोपात तोच लिहितो, म्हणजे दुरुस्ती फोनमध्ये होते. प्रोव्हायडरने स्पष्ट सांगितलं असेल तरच चालू करा. काही राउटर प्रत्येक नवीन ठिकाणासाठी वेगळा पोर्ट देतात, त्याला सिमेट्रिक नॅट म्हणतात, तिथे स्टनने सांगितलेला पोर्ट खोटाच ठरतो.

६. टेस्ट करा, पण क्रमाने

आधी प्रोव्हायडरचा एको टेस्ट नंबर असेल तर तो लावा, तुम्ही बोललेलं परत ऐकू आलं म्हणजे आवाजाच्या दोन्ही वाटा चालू. मग वायफाय बंद केलेल्या मोबाइलवर कॉल लावा, निदान दोन मिनिटं चालू ठेवा. मग मोबाइलवरून आपल्या नंबरवर कॉल करा. मग फोनला पाच-दहा मिनिटं हात लावू नका आणि परत कॉल करून बघा. ही शेवटची टेस्ट लोक सोडून देतात आणि तीच कीप-अलाइव्ह चालतंय का ते सांगते.

काही अडलं तर लक्षणावरून शोधा.

कॉल बरोबर ३२ सेकंदांच्या आसपास कट: हा आकडा योगायोगाचा नाही. उचलणाऱ्या बाजूने 'उचलला' हा निरोप पाठवला की त्याला पोच यावी लागते. पोच आली नाही तर ती बाजू तोच निरोप परत परत पाठवते आणि ३२ सेकंदांनी हार मानून कॉल ठेवते. म्हणजे आवाजाची वाट ठीक आहे, पोचेचा पत्ता चुकलाय. एएलजी खरंच बंद झालंय का ते बघा.

कॉल १५ मिनिटांनी कट: सेशन टायमर. नेहमीची मुदत १८०० सेकंदांची असते आणि अर्ध्यावर, म्हणजे ९०० सेकंदांना, 'अजून चालू आहे ना' अशी विचारणा होते. ती मधेच अडली की कॉल जातो. परत एएलजी किंवा संपलेली नोंद.

आवाज एकतर्फी: वायरशार्क लावा, फिल्टरमध्ये एसआयपी टाका, कॉल करा आणि सर्व्हरकडून आलेल्या २०० ओके निरोपातला एसडीपी भाग, म्हणजे आवाज कुठे पाठवायचा ते लिहिलेला भाग, उघडा. त्यात 'कनेक्शन इन्फर्मेशन' नावाची ओळ असते. तिथे पब्लिक पत्ता असायला पाहिजे. सर्व्हरकडून आलेल्या निरोपात १९२.१६८ वाला पत्ता दिसत असेल तर मधे कुणीतरी हात घातलाय किंवा प्रोव्हायडर पत्ता दुरुस्त करत नाहीये, तो स्क्रीनशॉट त्यांना पाठवा. तुमच्या फोनने पाठवलेल्या निरोपात आतला पत्ता दिसणं मात्र चालतं, सर्व्हर तो बघून घेतो.

७. आवाज तुटतोय का

जी.७११ चा एक कॉल हेडरसकट प्रत्येक दिशेला साधारण ८० ते ९० केबीपीएस घेतो. म्हणजे स्पीड कमी पडतो असं फार क्वचित होतं. पण कुणीतरी मोठी फाइल अपलोड करायला लावली की राउटरमध्ये पॅकेटची रांग लागते आणि आवाजाची पॅकेट त्या रांगेत अडकतात. एका दिशेचा उशीर १५० मिलीसेकंदांच्या आत असावा अशी आयटीयूची (दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय संघटना) शिफारस आहे, त्याच्या बराच वर गेला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात.

राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय असेल, केक किंवा एफक्यू-कोडेल नावाने, तर तो चालू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ८५-९० टक्के ठेवा. नुसत्या 'क्यूओएस'च्या टिकमार्कपेक्षा याने खूप जास्त फरक पडतो. आणि टेबलावरचा फोन शक्यतो केबलवर ठेवा, वायफायला कितीही रेंज असली तरी.

८. ऑफिसमध्ये स्वतःचा पीबीएक्स असेल तर

पीबीएक्स म्हणजे ऑफिसचं स्वतःचं टेलिफोन एक्सचेंज. एस्टरिस्क किंवा फ्रीपीबीएक्स असलं त्याचं सॉफ्टवेअर राउटरमागे लावलं तर पत्ता दुरुस्त करायची जबाबदारी पीबीएक्सची. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: बाहेरचा पब्लिक पत्ता कुठला, आणि आतलं नेटवर्क कुठलं. आतलं नेटवर्क सांगायचं राहिलं तर ऑफिसमधल्या ऑफिसमध्ये पण आवाज बिघडू शकतो, कारण पीबीएक्स शेजारच्या टेबलावरच्या फोनलाही बाहेरचा पत्ता देऊन बसतो. 'डायरेक्ट मीडिया' बंद ठेवा, नाहीतर पीबीएक्स बाजूला होऊन दोन फोनना थेट एकमेकांशी बोलायला लावतो, आणि त्यातला एक बाहेर असेल तर झालंच.

एस्टरिस्कच्या नमुना सेटिंगमध्ये आवाजासाठी १०००० ते २०००० एवढे पोर्ट असतात. छोट्या ऑफिसला एवढे कशाला, १०००० ते १०२०० भरपूर झाले. आणि ते फॉरवर्ड करायची खरंच गरज पडली तर फक्त प्रोव्हायडरच्या आयपींसाठीच उघडा.

घरून काम करणाऱ्यांचे फोन जोडायचे असतील तर ५०६० जगाला उघडू नका, व्हीपीएन (घर ते ऑफिस खाजगी, एन्क्रिप्टेड वाट) वापरा. व्हीपीएनसाठी वायरगार्ड असेल तर 'पर्सिस्टंट कीप-अलाइव्ह' २५ सेकंद. व्हीपीएनच्या आतलं नेटवर्क पण पीबीएक्सच्या 'आतलं' यादीत टाका.

९. दार उघडं टाकू नका

५०६० पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवलात की तो शोधणारे स्कॅनर तुमच्यापर्यंत येतातच, दिवसरात्र चालू असतात. घरच्या फोनवर याचं लक्षण म्हणजे रात्री-अपरात्री १०० किंवा १००१ असल्या नंबरवरून रिंग येते आणि उचललं तर पलीकडे कुणीच नसतं. प्रोव्हायडरकडे अशा कॉलची नोंदच नसते कारण तो त्यांच्यामार्फत आलेलाच नसतो, थेट तुमच्या फोनवर आलेला असतो. फोनमध्ये 'फक्त रजिस्टर केलेल्या सर्व्हरकडूनच कॉल घ्या' असा पर्याय असतो तो चालू करा, फोनचा लोकल पोर्ट ५०६० ऐवजी दुसरा कुठलातरी ठेवा, आणि राउटरच्या डीएमझेडमध्ये, म्हणजे बाहेरून येणारं सगळं जिथे थेट पाठवलं जातं त्या जागी, फोन टाकलेला असेल तर तो आजच बाहेर काढा.

पीबीएक्सवर धोका मोठा असतो. एक्स्टेन्शन १०१ आणि पासवर्ड पण १०१ असं असेल तर कुणीतरी आत शिरून महागड्या परदेशी नंबरांवर रात्रभर कॉल लावतं आणि बिल तुमच्या नावाने येतं. पासवर्ड लांब आणि कशाशी संबंध नसलेले ठेवा, परदेशी कॉल लागत नसतील तर प्रोव्हायडरकडूनच बंद करून घ्या, आणि खात्यात रोजच्या खर्चाची मर्यादा लावायची सोय असेल तर ती लावा.

१०. लाइट गेली तर, आणि सपोर्टला काय सांगायचं

फोन, राउटर आणि फायबरचा डबा हे तिन्ही एकाच यूपीएसवर घ्या, एक जरी राहिला तरी फोन बंद. इमर्जन्सी नंबर तुमच्या अकाउंटवरून लागतो का आणि लागला तर तुमचा पत्ता कुठला दाखवतो, हे प्रोव्हायडरला आधीच विचारून ठेवा. घरात म्हातारी माणसं असतील तर हे विचारल्याशिवाय जुनी लाइन बंद करू नका.

एवढं करूनही अडलात तर सपोर्टला 'फोन चालत नाही' एवढंच लिहू नका. कॉलची तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ, टाइम झोन, कुठून कुठे लावला, किती सेकंदांनी काय झालं, फोनचं मॉडेल आणि फर्मवेअर, एएलजी बंद आहे का, आणि वायरशार्कची फाइल. त्या निरोपात 'कॉल-आयडी' नावाची ओळ असते ती पण कॉपी करून द्या, त्यांच्याकडच्या लॉगमध्ये तोच कॉल त्यावरून लगेच सापडतो. फाइल फक्त सपोर्टलाच द्या, कुठे उघड्यावर टाकू नका, कारण एन्क्रिप्शन नसेल तर त्यात तुमचं बोलणं पण ऐकता येतं.